जोडीची पिशवी

१

आमच्या ब्लड बँकेतलं रक्त फिरवायचं मशीन लांबून कपडे धुण्याच्या मोठ्या मशीनसारखं दिसतं. झाकण उघडलं की आत गोल मांडलेल्या सहा बकेट. प्रत्येकीत रक्ताची एक पिशवी उभी ठेवायची. समोरासमोरच्या दोन बकेटांचं वजन अगदी सारखं हवं, नाहीतर मशीन जागेवर उड्या मारायला लागतं. त्यासाठी ओट्यावर दोन पारड्यांचा तराजू आहे. एका पारड्यात एक बकेट, दुसऱ्यात तिच्या समोरची. काटा मधोमध येईपर्यंत हलक्या बाजूला रबराचे तुकडे टाकत राहायचं. चार वर्षांपासून माझं काम हेच.

पिशव्या कधी पाच येतात, कधी तीन. मग एक एकटी पडते. तिच्यासमोर मिठाच्या पाण्याची पिशवी ठेवायची. तिला आम्ही जोडीची पिशवी म्हणतो. तिचा उपयोग फक्त वजनापुरता. काम झालं की ती पुन्हा खालच्या कप्प्यात.

मशीन थांबल्यावर पिशवीला कुसुमताईंशिवाय कोणी हात लावायचा नाही. त्या आमच्या टेक्निशियन. हातातल्या पिशवीचं पाणीसुद्धा हलणार नाही अशा चालीनं त्या ती, पिशवी दाबून वरचं पाणी वेगळं काढायच्या प्रेसपर्यंत नेतात. वर पिवळं पाणी, खाली लाल, आणि दोघांच्या मध्ये एक पांढरट रेघ, सायीएवढी.

"हे मधले पोलीस," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं. "अंगात आपलं कोण न् परकं कोण, ते यायलेच समजते. परकं दिसलं की धरतात."

"मग दुसऱ्याच्या अंगात गेल्यावर?"

"तिथं यायच्यासाठी सगळंच परकं. भांडतात. म्हणून तर पेशंटले थंडी वाजून ताप येते. समजलं का गा, का डोक्यावरून गेलं?"

समजलं होतं. मी नववीत शाळा सोडली, पण तो ताप मी घरी पाहत होतो.

२

माझी बहीण मिनल एकोणीस वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया आहे. तिचं स्वतःचं रक्त पुरत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी एक पिशवी चढवावी लागते. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मी पंधराचा. वडील उमरेडकडे गावी असतात. तिला दवाखान्यात न्यायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी शाळेत जाणं बंद केलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला माणसांत बोलायला जमत नाही. मिनलशी जमतं. कामाशिवाय मला हाक मारणारं तिच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

वॉर्डात स्टूल कधीच रिकामं मिळत नाही. रक्त सुरू झालं की मिनल डावा पाय दुमडून घेते आणि खाटेच्या कडेला वीतभर जागा करते. मी तिथं बसतो. मग तिचं ठरलेलं विचारणं.

"आज कोणाचं आणलं गा दादा?"

"मले काय माहीत. पिशवीवर नंबर असते फक्त."

"मागचं कोण्या चिडक्या माणसाचं होतं. आठ दिवस मी तुह्यावर चिडचिड करत होती."

"ते तू तशीबी करते."

ती हसायची. तासाभरानं तिचे दात वाजायला लागायचे. एकशे तीन ताप. मी तिच्या अंगावर दोन चादरी टाकून वरून धरून बसायचो आणि मनात त्या पांढऱ्या रेघेला शिव्या द्यायचो. ती गाळून काढायचं फिल्टर असतं, पण ते दर वेळी मिळत नाही.

३

एप्रिलच्या शेवटी लकडगंजमधल्या, लाकूड कापणाऱ्या आरामशीनवाल्यांनी रक्तदानाचं शिबिर घेतलं. दुपारी पिशव्या आल्या. मी त्या मांडत होतो तोच काउंटरवर कोणी टकटक केलं. काउंटरवरची मुलगी जेवायला गेली होती, म्हणून मला जावं लागलं.

पन्नाशीचा माणूस होता. एवढ्या उन्हात सायकलनं आलेला, पण अंगावर घामाचा थेंब नाही. भुवयांवर, नखांत लाकडाचा भुसा. त्यानं रक्तदानाचं कार्ड पुढं केलं. नाव देवराव.

"माझं रक्त कोणाले देऊ नका," तो म्हणाला.

"काहून काका? काही आजार आहे का?"

"आजार नाही."

"मग?"

काउंटरवर सांडलेला भुसा तो हातानं गोळा करायला लागला. "घरी चार माणसं आहेत माझ्या. बारा वर्षं झाले, मी एकटा राहतो."

"ते गावी असतात का?"

"नाही ना बाबू. त्याच घरात असतात."

 अशा वेळी कारण विचारायचं नसतं, पिशवी मुकाट्यानं बाद करायची, हा आमच्याकडे नियमच आहे. त्याच्यासमोरच मी त्याची पिशवी शोधली, लाल पेनानं फुली मारली आणि बाद पिशव्यांच्या फ्रिजमध्ये ठेवली.

"फेकसान ना?" त्यानं दारातून विचारलं.

"शनिवारी जाते सगळं," मी म्हणालो.

४

शुक्रवारी मिठाच्या पाण्याची पिशवी फुटली. फुटली म्हणजे शिवणीतून पाझरायला लागली. पाच पिशव्या आल्या होत्या आणि कुसुमताई घड्याळाकडे पाहत होत्या, कारण रक्त ठरलेल्या तासांत फिरवावंच लागतं.

"कर गा काहीतरी. जोडीले काहीबी ठेव."

मला फुली मारलेली पिशवी आठवली. तशीही ती जायचीच होती. मी ती आणली, बकेटमध्ये ठेवली आणि रबराचे तुकडे मुठीत घेऊन तराजूपाशी उभा राहिलो.

काटा मधोमध आला. एकाही तुकड्याशिवाय. असं चार वर्षांत दोनदा झालं असेल, म्हणून मला बरंच वाटलं.

मशीन थांबलं. ताईंनी एक एक पिशवी प्रेसला लावली. पाचवी लावल्यावर मी वाकून पाहिलं.

"ताई, याच्यात रेघ नाही."

"नीट फिरली नसन."

बाकीच्या चार पिशव्यांत होती. पाचवी देवरावच्या पिशवीसमोर फिरली होती. तिच्यात वरचं पिवळं थेट लालवर टेकलेलं होतं, मध्ये काहीच नाही.

शनिवारी कचऱ्याची गाडी आली. नवी मिठाची पिशवी अजून आली नव्हती. मी बाकीच्या बाद पिशव्या दिल्या आणि ती एक ठेवून घेतली.

सोमवारी समोरची पिशवी चांगलीच भारी होती. काटा मधोमध. मंगळवारची हलकी होती, शिबिरात पूर्ण भरलीच नव्हती. काटा मधोमध. मी तराजू पुसला, पारडी बदलली, दोन मिठाचे पुडे ठेवून पाहिले. तराजू बरोबर होता. बुधवारपासून मी रबराचे तुकडे हातात घेणंच सोडलं.

५

मिनलची तारीख आली. तिच्यासाठी जी पिशवी जुळली तिचा नंबर मी सहज पाहिला. ती मंगळवारची होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

रक्त सुरू झालं. तिनं पाय दुमडला, मी बसलो. एक तास गेला. दोन गेले. मी दोन्ही चादरी मांडीवर घेऊन तिच्या दातांकडे पाहत होतो.

"असा काय पाहून राहिला? दात मोजतो का माहे?"

"थंडी वाजते का?"

"नाही वाजत. कोणाचं होतं गा हे? एकदम गरीब स्वभावाचं आहे."

दहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दवाखान्यातून चालत बाहेर आलो. दारात तिनं उसाचा रस मागितला. मी दोन ग्लास पाजले. रसवाल्याला ती "येते दादा" म्हणाली, रिक्षावाल्यालाही तेच, आणि घराच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसालासुद्धा. आनंदात आहे, असं मी समजलो.

घरी मी पंख्याखाली बसलो तेव्हा तिनं पाणी आणलं. पेला ताटलीत ठेवून आणला होता, पाहुण्याला देतात तसा.

"हे काय नवीन?" मी हसलो.

तीही हसली. पण ताटली धरून, मी पाणी पिऊन पेला परत ठेवीपर्यंत उभी राहिली.

६

मी शिकलेला नाही, पण मला एवढं कळतं की एकदा झालं म्हणून काही सिद्ध होत नाही. नवी मिठाची पिशवी आली होती. एका वहीत मी लिहायला लागलो. समोर मिठाची पिशवी: रेघ आहे. समोर देवरावची: नाही. पुन्हा मिठाची: आहे. पुन्हा देवरावची: नाही. असं सात वेळा.

देवरावच्या पिशवीचंही लिहिलं. बाद रक्त जुनं झालं की काळपट पडतं, वरचं पाणी गुलाबी होतं. ही पिशवी तीन आठवड्यांनंतरही त्या दिवशी काढल्यासारखी होती. फक्त तिची मधली रेघ आता रेघ राहिली नव्हती. बोटभर जाड थर झाला होता.

एका दुपारी ताई जेवायला गेल्यावर मी ती पिशवी खिडकीपाशी धरली. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आत एसीची घरघर. पांढरा थर आधी आडवा होता. हळूहळू तो एका बाजूनं चढायला लागला. माझा तळवा जिकडे होता, त्या बाजूनं. प्लास्टिकला आतून चिकटत चिकटत तो माझ्या तळव्याएवढा पसरला. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. थोडा वेळ काही नाही. मग तो खाली उतरला आणि दुसऱ्या बाजूनं चढू लागला.

हाताच्या उबेनं होत असेल. मी वहीत तसंच लिहिलं: उबेनं.

ताई आल्या आणि त्यांना पिशवीवरची लाल फुली दिसली.

"ही अजून इथंच? इन्स्पेक्शन आलं तर मले काय सांगायला लावतं? फेक उद्या."

"ताई, याच्यासमोर जी फिरते तिच्यात पांढऱ्या पेशी राहत नाहीत. पेशंटले ताप येत नाही."

"बाप्पा! फिल्टरवाल्यायचा धंदाच बसवला तुनं." त्या हसल्या, मग माझं तोंड पाहून थांबल्या. "अंकुश, वेडेपणा करू नको. फेक."

त्याच दिवशी काउंटरवर एक माणूस आईसाठी दुसरी पिशवी न्यायला आला होता. पहिली आमच्याकडूनच गेली होती. मी भीत भीत विचारलं, मागच्या वेळी ताप आला का?

"नाही, ताप नाही आला. एकदम चांगली आहे." तो खोका उचलता उचलता थांबला. "फक्त मले तुम्ही म्हणून राहिली. माह्या मायनं मले जनमभर अबे-तुबे केलं, आता म्हणते, तुम्ही बसा."

तो हसत होता. मी त्याच्या पिशवीचा नंबर पाहिला आणि वहीत शोधला. मिठाची होती. मला हायसं वाटलं. मग पहिलीचा नंबर शोधला.

तेव्हाच देवरावची पिशवी फेकायला हवी होती. हे मी आज लिहितो आहे, पण तेव्हाही मला ते ठाऊक होतं. मिनलची तारीख सहा दिवसांवर होती. मी तिच्या गटाची एक पिशवी निवडली आणि स्वतःच्या हातानं देवरावच्या पिशवीसमोर ठेवली. तराजूवर ठेवलीसुद्धा नाही.

७

दुसऱ्या वेळीही ताप आला नाही. पण मिनलनं पाय दुमडला नाही. मी खाटेशेजारी उभाच राहिलो. कोणाचं रक्त आणलं, हेही तिनं विचारलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी बोलत राहिली, तिच्या सुनेशी, वॉर्डातल्या मावशीशी, सगळ्यांशी सारख्याच मायेनं. मी काही विचारलं तर माझ्याशीही तितक्याच मायेनं बोलायची. तितक्याच.

घरी तिनं ठेवणीतली चादर काढून माझ्या अंथरुणावर घातली. जेवताना आग्रह करायला लागली. रात्री आपल्या खोलीला आतून कडी लावायला लागली. मी एकदा म्हणालो, "मिने, मी काही चुकलो का?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, कोणी पत्ता विचारल्यावर पाहतात तसं, आणि म्हणाली, "नाही, तुम्ही फार चांगले आहात."

एक दिवस कामावरून आलो तर मोरीत चहाचे दोन कप होते. एका कपाच्या कडेला भुसा चिकटलेला. बारीक, पिवळा. मी तो बोटानं पुसला आणि बराच वेळ बोटाकडे पाहत बसलो. कशाचाही असू शकतो, असं स्वतःला सांगितलं. समोर सुताराचं काम चालू होतं. खरंच चालू होतं.

शेजारच्या यमुताई पाण्याची बादली घेऊन दारात थांबल्या.

"काहून रे अंकुश, तुमच्याकडे दुपारी कोण येऊन राहिला? सायकलवाला."

"कोणी नाही यमुताई. कधी आला?"

"रोजच येते. मी इचारलं मिनलले, कोण गं हा? तर म्हणे, आमच्या घरचा माणूस आहे." त्यांनी बादली खाली ठेवली. "मंग मी गंमतीनं म्हटलं, न् अंकुश कोण? तर इचारात पडली ना बाप्पा पोरगी."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी मी ब्लड बँकेत गेलो. फ्रिज उघडला. देवरावची पिशवी जागेवर होती, पण तिच्यात पांढरा थर नव्हता. आदल्या संध्याकाळी तो दोन बोटं होता. आता वर पिवळं, खाली लाल, मध्ये काही नाही. नळीचं तोंड बंद. कुठं चिरलेली नाही, ओल नाही. तराजूच्या एका पारड्यात ती ठेवली, दुसऱ्यात काहीच नव्हतं. काटा मधोमध उभा होता.

मी ती जंतू मारायच्या वाफेच्या मशीनमध्ये टाकली. बाहेर आली तेव्हा विटकरी चिखल झाला होता. पिवळ्या थैलीत भरून मी ती स्वतः गाडीत टाकून आलो.

त्याच दिवशी मिनलची तारीख होती. तिच्यासाठी पिशवी काढली. मिठाच्या पिशवीसमोर, रबराचे सात तुकडे टाकून फिरवलेली. तिच्यातली पांढरी रेघ मी तीनदा पाहिली. कुसुमताईंना म्हणालो, ही राहू द्या, फिल्टर नको. 

"तुह्या बहिणीले ताप येईन ना गा."

"येऊ द्या ताई," मी म्हणालो.

सकाळी अकराला रक्त सुरू झालं. मी चादरी आणल्या होत्या. तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून थेंब मोजत होतो. बारा वाजले. कूलरचं पाणी संपलं, कोणीतरी ते भरलं. एक वाजला. ज्या तापाला मी दहा वर्षं शिव्या दिल्या, त्याची मी वाट पाहत होतो. तिच्या कपाळाला हात लावला. तिनं डोकं किंचित मागं घेतलं, मला वाईट वाटू नये इतकंच. कपाळ गार होतं.

एकदा तिची हनुवटी थरथरल्यासारखी वाटली. मी एक चादर उलगडायला लागलो. पण तिला जांभई आली होती.

पिशवी रिकामी झाली तेव्हा चार वाजले होते. ताप आला नव्हता.

दारातला पडदा बाजूला झाला. देवराव आत आला. तो फार गोरा दिसत होता. गोरा म्हणजे, नखांखालीसुद्धा रंग नव्हता. भुवयांवर भुसा तसाच. माझ्याजवळून जाताना तो थांबला आणि खालच्या आवाजात बोलला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"मी सांगितलं होतं बाबू. फेका म्हणून."

 मिनलनं त्याला पाहिलं आणि तिचं तोंड एकदम उजळलं, लहानपणी शाळा सुटल्यावर मला फाटकापाशी पाहून उजळायचं तसं. तिनं डावा पाय दुमडून घेतला. खाटेच्या कडेला वीतभर जागा केली. तो बसला.

मी अजून दोन्ही चादरी हातात धरून उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फार वेळ उभा आहे हे बहुतेक तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिच्या नजरेत कीव होती.

"तुमचं कोणी भरती आहे का इथं?" तिनं विचारलं.